‘फ्लीत’चे मुखवय

शब्दाचे वय मोजणारे यंत्र ज्या दिवशी पहिल्यांदा अधिकृतपणे चालवायचे होते, त्या सकाळी डॉ. शरयू दिघे यांनी तीनदा रक्तदाब मोजला, आणि तिन्ही वेळा तो उत्तम निघाला. अपराधी माणसाला प्रकृती अशी ऐन वेळी दगा देते. जरासा ताप असता, तर घरी राहता आले असते. एकसष्टाव्या वर्षी कुणी कारणही विचारले नसते.

शेवटी साडेअकराला त्या पाषाणच्या टेकडीखालच्या शब्दजीवन संस्थेत हजर झाल्या. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत दोघे जण त्यांची वाट पाहत होते. एक संस्थेचे संचालक डॉ. घारपुरे. यांना प्रत्येक गोष्ट दोनदा ऐकायला आवडे, एकदा समजण्यासाठी आणि एकदा समजली आहे हे दाखवण्यासाठी. दुसरा अन्वर मुजावर, यंत्राचा कर्ता. मिरजेच्या सतारमेकरांच्या घरातला, चौतीस वर्षांचा. याने वाडवडिलांचा धंदा सोडला होता, पण उपमा सोडल्या नव्हत्या.

“मुजावर,” घारपुरे म्हणाले, “मला शाळेतला पोरगा समजून सांगा.”

“ते सोपं आहे, सर,” अन्वर म्हणाला.

हा टोमणा की होकार, याचा घारपुऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि होकार म्हणून जमा करून घेतला.

“आमच्याकडे सतार दुरुस्तीला आली, की अब्बा आधी घोडीवर बोट फिरवायचे. तारा टेकतात तिथे घोडीला खाचा पडतात. त्या बघून ते सांगायचे, की ही दहा वर्षं वाजलीय, ही चाळीस, आणि ही नुसती दिवाणखान्यात टांगलीय. शब्दाचंही तेच. लोकांच्या तोंडात असलेल्या शब्दाला अर्थाच्या खाचा पडतात. आपण ‘वाहणं’ म्हणतो. पाणी वाहतं. मग ओझं वाहतो, देवाला फूल वाहतो, जखम वाहते, चांगल्या घरातला मुलगा वाहवत जातो. हे फाटे कुणी सभा घेऊन ठरवले नाहीत, बोलता बोलता फुटले. किती वर्षांत किती फाटे आणि कुठल्या क्रमाने फुटतात, याचं गणित मी साडेचारशे भाषांत तपासलं. सगळीकडे एकच निघालं. यंत्र ध्वनिमुद्रणं ऐकतं, फाटे मोजतं आणि सांगतं, की अमुक शब्द अमुक अर्थाने इतकी वर्षं तोंडात आहे. त्याला मी मुखवय म्हणतो.”

“आणि कुणी शब्द नुसताच रचलेला असला तर?”

“दुकानातली सतार. घोडी गुळगुळीत. मुखवय शून्य.”

शरयूबाईंनी पदराने चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

यंत्रात आज हालमूरी भाषा घातली होती. हालमूर हे उत्तर समुद्रातले एक चिमुकले, सखल बेट. दिवसातून दोनदा भरती त्याच्या उंबऱ्यापर्यंत येई, आणि २०४४ साली ती आत आली ती परत गेलीच नाही. दोनशे बारा माणसे किनाऱ्यापासून आत एका जर्मन गावात वसवली गेली. त्यांची एक शाळा होती. तिथे त्यांच्या भाषेतून शिकवायचे, तर बुडीत भाषा मंडळाची मान्यता हवी, आणि मान्यतेसाठी भाषेचा विश्वासार्ह पुरावा हवा. संशोधकाने नोंदवलेला असा पुरावा एकच होता. बेटावरची शेवटची अस्सल जाणकार म्हातारी तालके हिच्या बोलण्याचे एकसष्ट तासांचे मुद्रण. ते २०२९ साली, एकोणतीस वर्षांच्या शरयू दिघे यांनी केले होते. मंडळाचा नववा नियम कडक होता. निवेदकाने, म्हणजे भाषा बोलून दाखवणाऱ्याने, रचलेला एक जरी शब्द आढळला, तरी त्याची सगळी साक्ष बाद. तपासाचा अहवाल आज संध्याकाळी पाचपर्यंत घारपुऱ्यांच्या सहीने जायचा होता.

यंत्र चालू झाले. पडद्यावर शब्द सरकू लागले. पाव, एक हजार नऊशे वर्षे. दोर, दोन हजार शंभर. सासू, तीन हजारांच्या वर.

“सासू जुनीच असणार,” घारपुरे म्हणाले.

चार हजार एकशे सतरा शब्द असे इमानाने वय सांगत गेले. चार हजार एकशे अठरावा लाल झाला.

फ्लीत. अर्थ: वल्ही नसलेली होडी ओहोटीच्या पाण्याबरोबर जाणे. मुखवय: शून्य.

“अहो, ही तर दिघे-पायरी!” घारपुरे ओरडले.

ते ओरडले त्याला कारण होते. जगभरच्या विद्यार्थ्यांना ही पायरी पाठ होती. संस्कृतात ‘प्लु’ म्हणजे तरंगणे. त्यावरून ‘प्लव’ म्हणजे होडी. जर्मन कुळातल्या भाषांत आपल्या ‘प’चा ‘फ’ होतो. पितृचा फादर, पादाचा फूट. त्याच चालीने ‘प्लु’ तिकडे ‘फ्ल’ होऊन गेला. जुन्या इंग्रजीत तो तरंगण्यासाठी होता. तिथूनच आरमाराला ‘फ्लीट’ म्हणू लागले. आजच्या जर्मनमध्ये मात्र ‘फ्लीसेन’ म्हणजे वाहणे. म्हणजे क्रियापद मुळात होडीचे, आणि पुढे ते पाण्याने बळकावले. कधी आणि कसे, ते नेमके दाखवता येत नव्हते. मग शरयू दिघे हालमूरहून मधली पायरी घेऊन आल्या. तिथे ‘फ्लीत’ म्हणजे होडीचे असे जाणे, की होडी चालली की पाणी, हे सांगता येऊ नये. शोध इतका देखणा होता, की घारपुऱ्यांनी संस्थेच्या जिन्यातल्या मधल्या पायरीवर पितळी पट्टी ठोकून घेतली होती.

आता ते वळले, आणि शरयूबाईंनी मान खाली घातली. बत्तीस वर्षे त्या या क्षणाची तालीम करत होत्या. आरोप झाला की काय बोलायचे, याची त्यांच्याकडे चार उत्तरे तयार होती.

“शरयूबाई,” घारपुरे कळवळून म्हणाले, “म्हातारीनं तुम्हाला चक्क गंडवलं की हो!”

सहानुभूतीवर मात्र त्यांच्याकडे उत्तर नव्हते. त्यांनी तोंड उघडले आणि पाणी मागितले.

“होतं असं,” घारपुरे सांगत होते. “खेडवळ माणसं, कुणी विचारायला आलं की फुशारतात. तुमचा काय दोष? तुम्ही ऐकलं ते लिहिलं. आता नवव्या नियमानं तालकेबाईंची साक्ष गेली. शाळेचं वाईट वाटतं, पण करणार काय?”

पाण्याचा पेला हातात घेऊन शरयूबाई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. वीस मिनिटे बसल्या. या वीस मिनिटांत त्यांनी स्वतःची बाजू पहिल्यांदाच मोठ्या मनाने ऐकून घेतली, आणि तिच्यात फारसा दम नाही हे त्यांना कळले.

तालकेच्या स्वयंपाकघरात त्या सहा आठवडे रोज जात. चहात खडीसाखर आणि वर साय, ढवळायचे नाही. खिडकीतून ओहोटीचे पाणी दिसे. शरयूचा प्रबंध जवळजवळ लिहून झालेला होता. बेटावर येण्याआधीच झाला होता म्हणा ना. फक्त मधली पायरी कुणी तरी बोलून दाखवायची राहिली होती. तालके होड्यांविषयी पुष्कळ बोले, पण नेमके हवे ते बोलेना. उद्या परतीची बोट, आणि आज शरयूने संशोधकाने कधीही विचारू नये असा प्रश्न विचारला. उत्तर पोटात घेऊन आलेला प्रश्न. “वल्ही नसलेली होडी पाण्याबरोबर जाते, त्याला तुम्ही फ्लीतच म्हणत असाल, नाही का?”

तालके चार सेकंद किटलीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “या, या,” म्हणजे हो, हो. “फ्लीत.”

पुण्याला आल्यावर शरयूने मुद्रणातून स्वतःचा प्रश्न कापला. सात सेकंद. उरले ते म्हातारीचे उत्स्फूर्त, निर्मळ “फ्लीत”. त्या सात सेकंदांवर तिची नोकरी, तिचे नाव आणि जिन्यातली पट्टी उभी राहिली. मी खोटे लिहिले नाही, ती खोटे बोलली नाही, असे शरयूबाई मनाला सांगत आल्या. त्या चार सेकंदांना त्या ‘आठवण्याचा प्रयत्न’ म्हणत. शेजारच्या पोराने आरसा फोडला तर “वाऱ्यानं पडला असेल” म्हणणारी माणसे असतात. शरयूबाई स्वतःशी इतक्याच चांगल्या शेजारधर्माने वागल्या होत्या.

त्या आत आल्या आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले. सात सेकंदांसकट.

घारपुऱ्यांनी आधी दार लावले. “हे तुम्ही बोलला नाहीत. मी ऐकलं नाही. मुजावर, तुम्ही तर इथे नव्हताच.”

“मी यंत्रापाशी आहे, सर. यंत्र इथे आहे.”

“अहो, पट्टी आहे जिन्यात!”

“पट्टी काढता येईल,” शरयूबाई म्हणाल्या. “मेलेल्या बाईला खोटारडी म्हणून नोंदवलं, तर ते काढता येणार नाही. मी लेखी देते.”

“लेखीनं भागणार नाही, बाई,” अन्वर म्हणाला. त्याने त्यांच्याकडे पाहिले नाही, आणि हीच त्याची सभ्यता होती. “मंडळ म्हणेल, जुन्या निवेदकाला वाचवायला बोलताहेत. पण दाखवता येईल. तुम्ही गेल्यावर तालकेबाई बारा वर्षं जगल्या. त्यांच्या घरची मुद्रणं असतीलच. त्या बारा वर्षांत आणि आजच्या हालमूरी माणसांत हा अर्थ कुठेच आला नाही, तर उघड होतं, की तिनं फक्त एकदा मान डोलावली. शब्द तुमचा. ती सुटली.”

“आणि मी अडकले,” शरयूबाई म्हणाल्या. आणि आश्चर्य म्हणजे त्यांना बरे वाटले.

तालकेची नात गेस्के ही त्याच शाळेत शिक्षिका होती. तिला पडद्यावर बोलावले, तेव्हा पुण्यात दुपारचे दोन वाजले होते. तिच्याकडे सकाळ होती, वर्ग चालू होता, खिडकीतून ऊन थेट मुलांच्या तोंडावर पडत होते. तिचे बोलणे अनुवादक-श्रवणीतून मराठीत येत होते.

“आत्या!” ती म्हणाली.

घारपुऱ्यांनी भुवया वर केल्या. “ज्या बाईने घरी जेवण घेतलंय, तिला तिकडे बापाची बहीण म्हणतात,” शरयूबाई पुटपुटल्या. यंत्राने भाषांतर बिनचूक केले होते. चुकले असते तर बरे झाले असते.

त्यांनी गेस्केलाही सांगितले. हे दुसऱ्यांदा सांगणे जास्त जड गेले; घारपुऱ्यांना सांगताना समोर आत्या म्हणणारे कुणी नव्हते. गेस्केने सगळे ऐकून घेतले आणि ती म्हणाली, “आजीची मुद्रणं नऊशे तास आहेत. मुलांचीही पाठवते. आमच्याकडे झाकण्यासारखं काही नाही.” हे ती साधेपणाने बोलली, म्हणूनच जास्त लागले.

यंत्राने पाऊण तास घेतला. घारपुऱ्यांनी तेवढ्यात तिघांसाठी तीन चहा मागवले आणि तिन्ही स्वतःच प्यायले.

मग पडद्यावर अक्षरे आली. फ्लीत. अर्थ तोच. मुखवय: बत्तीस वर्षे.

अन्वरने फाटे उघडून दाखवले. वर्गात खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी, ती फ्लीत. बाजाराच्या दिवशी काही न घेता हिंडणारे म्हातारे फ्लीत. ना हार ना जीत झालेला फुटबॉलचा सामना फ्लीत. घटस्फोटही नाही आणि संसारही नाही असे जोडपे फ्लीत. आणि सगळ्यांत दाट खाच एका वाक्यात होती. बेट सोडले त्या वर्षाला हालमूरी माणसे ‘आम्ही फ्लीत झालो ते साल’ म्हणत होती.

“शब्द खरा!” घारपुरे खुर्चीतून उठले. “झिजलाय! खाचा आहेत! म्हणजे तालकेबाई खऱ्या, साक्ष खरी, नववा नियम लागू नाही, शाळा वाचली. शरयूबाई, तुम्हीसुद्धा वाचलात हो! पहिल्या मुद्रणात शून्य आलं, कारण तेव्हा तो—” ते थांबले. तेव्हा तो काय, हे त्यांना कळले होते, पण कळल्याचे दाखवायची ही पहिलीच वेळ अशी होती, की त्यांना दाखवावेसे वाटेना.

“तेव्हा तो जन्मला,” अन्वरने वाक्य पुरे केले. “बाईंच्या प्रश्नातून. दुसऱ्या दिवसापासून तालकेबाई तो बोलायला लागल्या.”

“का?” शरयूबाईंनी विचारले. मग त्यांना त्याहून वाईट प्रश्न सुचला. होड्यांच्या बेटावर, जिथे ओहोटी दिवसातून दोनदा होड्या ओढून नेते, तिथे या गोष्टीला शब्द नव्हता, असे कसे होईल? “गेस्के, माझ्या आधी तुझी आजी काय म्हणायची?”

गेस्केला ठाऊक नव्हते. तिचा जन्म बेटावरचा, पण शरयू गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. तिने आईला फोन लावला. आई तेव्हा सव्वीस वर्षांची होती आणि त्याच स्वयंपाकघरात वावरत होती. पलीकडे बराच वेळ बोलणे चालले. मग गेस्के परत पडद्यावर आली.

“आई म्हणते, दुसरा शब्द होता. तुमची बोट सुटली त्या दिवशी आजोबा जेवताना तो बोलले. आजी म्हणाली, आता तसं म्हणायचं नाही. पाहुणीनं फ्लीत म्हटलंय.”

“पण ते चूक होतं!”

“हो. म्हणूनच.” गेस्केला यात समजावण्यासारखे काय आहे ते कळत नव्हते. “पाहुण्याची चूक दाखवत नाहीत ना. घरातल्या सगळ्यांनी तसंच बोलायचं, म्हणजे मग ती चूक राहत नाही. तुम्ही एवढ्या लांबून आलात, सहा आठवडे आमच्या घरी चहा प्यायलात. तुम्ही पुन्हा येणार म्हणाला होतात, आत्या. आजी म्हणायची, ती आली आणि तिनं फ्लीत म्हटलं, तर कुणी हसता कामा नये.”

शरयूबाई पुन्हा गेल्या नव्हत्या. पायरी सापडल्यावर जिन्याकडे कोण बघतो?

म्हणजे ते चार सेकंद आठवण्याचे नव्हतेच. तालकेला शब्द आठवत होता. ती फक्त किटलीकडे पाहून त्याचा निरोप घेत होती.

“आणि तो... तो शब्द?”

“आईनं पुष्कळ प्रयत्न केला. म्हणते, बोलताना ओठ पुढे काढावे लागायचे. बाकी काही येत नाही तिला.”

“मुजावर,” घारपुरे हळूच म्हणाले, “यंत्र उलटं चालतं ना? हरवलेला शब्द काढता येत असेल.”

अन्वरने नाखुशीने यंत्राला सगळे दिले. हालमूरीचे सर्व शब्द, शेजारच्या आठ भाषा, प-चा फ होण्याचे नियम, होड्यांचा आणि ओहोटीचा अर्थ. त्या रिकाम्या जागी पूर्वी काय असावे, असे विचारले. यंत्राने एकाच सेकंदात, नव्व्याण्णव टक्के खात्रीने उत्तर दिले.

फ्लीत.

“नियमांनी चालणाऱ्याला विचारलं, की तो नियमातलंच सांगतो,” अन्वर म्हणाला. “बाईंनी तेव्हा जे केलं, तेच यानं केलं. तिथं खरं जे होतं, ते नियमात बसत नव्हतं. बसलं असतं, तर बाईंनी सुचवलेलाच शब्द तालकेबाईंच्या तोंडात आधीपासून असता. नियमात न बसणारं नियमातून काढता येत नाही. ते कुणी तरी ऐकून ठेवावं लागतं.”

ऐकायला एकच माणूस गेले होते, आणि ते सांगून आले होते.

घारपुऱ्यांनी पाचच्या आत अहवालावर सही केली. त्यात खोटे काही नव्हते. शरयूबाईंनी सात सेकंदांची हकिकत जोडपत्र म्हणून लावली. मंडळाच्या नियमांत तिच्यासाठी रकाना नव्हता, तेव्हा ती ‘इतर’मध्ये गेली. शिक्षा मिळण्याची सोयच उरली नव्हती. कोशात ‘फ्लीत’ खऱ्या शब्दांच्या रांगेत राहणार होता, आणि त्याच्या जागी जो होता त्याच्यासाठी कोशात रिकामी ओळ सोडण्याची पद्धत नाही.

पण हे नंतरचे. त्या दुपारी गेस्के पडद्यावरच होती, आणि शरयूबाईंना तिची क्षमा मागायची होती.

“कशाबद्दल?” गेस्के म्हणाली. “चांगला शब्द आहे. आम्हाला आवडतो.”

ती हे मनापासून म्हणते आहे की पाहुणीशी बोलते आहे, हे ओळखण्याचे यंत्र अन्वरकडे नव्हते. शरयूबाईंनी कानातली श्रवणी काढून ठेवली. निदान निरोप तरी यंत्राच्या मदतीशिवाय, तिच्या आजीच्या भाषेत घ्यावा, असे त्यांच्या मनात आले. बत्तीस वर्षांत ती भाषा तोंडात आली नव्हती. आठवेल ते त्या बोलल्या.

“हूद नाख्त, गेस्के.”

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आले. हूद नाख्त म्हणजे शुभ रात्री. पडद्यावर सकाळचे लख्ख ऊन होते.

गेस्केची पापणीही हलली नाही. “हूद नाख्त, आत्या,” ती हसून म्हणाली, आणि वर्गाकडे वळून तिने नुसते पाहिले. तेवीस मुले उन्हात उभी राहिली आणि एका सुरात, अगदी गंभीरपणे म्हणाली, “हूद नाख्त!” पाहुणीला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून पहिल्या बाकावरच्या दोघींनी तर डोळेही मिटून घेतले.